प्रतिक्रियेला उत्तर : प्लांट म्हणजे गीझर नव्हे

'चेंबूरकर' यांस,

सौरविजेने पाणी फोडून हायड्रोजन काढायचा आणि कार्बन डायऑक्साइडबरोबर त्याचं मिथेनॉल करायचं, यावरच्या माझ्या 'सौरविजेपासून मिथेनॉल' या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "एसीत बसून हिशेब मांडणाऱ्यांनी एकदा प्लांट बघावा" असं लिहिलंत. ट्रॉम्बेच्या पट्ट्यात बावीस वर्षं मी कमिशनिंगच, म्हणजे नवे प्लांट सुरू करून द्यायचं कामच, केलंय. मतभेद खुशाल मांडा, पण समोरच्याला काही कळतच नाही असं धरून बोलायची ही कुठली रीत?

लेखात पाणी कमी धरलंय, हे तुमचं बरोबर. एक किलो हायड्रोजनला 9 लिटर हे नुसतं समीकरणातलं झालं. डीएम प्लांटचं रिजेक्ट (पाणी क्षारमुक्त करताना टाकून द्यावं लागणारं पाणी) आणि कूलिंग टॉवरचं पाणी धरायला हवं होतं. दुरुस्ती करतो.

आता ते वाक्य : "ऊन गेलं की गीझरसारखं बटण बंद करायचं, त्यात काय एवढं?"

अल्कलाइन इलेक्ट्रोलायझरमध्ये, म्हणजे विजेने पाणी फोडणाऱ्या यंत्रात, 25 ते 30 टक्के कॉस्टिक पोटॅशची लाय (क्षाराचं द्रावण) 70-80 अंशांवर फिरत असते. ढग आला, करंट उतरला की ऑक्सिजन कमी तयार होतो. पण दोन्ही वायू वेगळे ठेवणाऱ्या पडद्यातून आणि एकत्र होणाऱ्या लायमधून पलीकडे जाणारा हायड्रोजन त्या मानाने कमी होत नाही. त्यामुळे ऑक्सिजनमधलं त्याचं प्रमाण चढतं. अ‍ॅनालायझरवर 2 टक्के दिसले की प्लांट ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. 4 टक्क्यांच्या आसपास मिश्रण पेटू शकतं, म्हणून त्या ट्रिपला बायपास मारायचा विचारही कुणी करू नये.

बरं, बंद केलात. सगळे सेल एकाच लायने जोडलेले. रेक्टिफायर (सेलना डीसी वीज देणारं यंत्र) थांबला की त्यांच्यात उलटा करंट वाहतो आणि निकेल इलेक्ट्रोडवरचा थर खराब होतो. तो टाळायला थोडा करंट देत राहावं लागतं. रोज बंद-चालू केलं तर स्टॅक, म्हणजे सेलची अख्खी चळत, वेळेआधी जातो.

पुढे मिथेनॉलचा रिअ‍ॅक्टर : तांबं-जस्ताच्या कॅटालिस्टच्या (उत्प्रेरकाच्या) गोळ्या, 250 अंश, 50 ते 80 बार. कार्बन डायऑक्साइडपासून केलं की किलोभर मिथेनॉलमागे अर्ध्या किलोहून जास्त पाणी निघतं. आतला वायू नीट फ्लश करून बाहेर न काढता रिअ‍ॅक्टर थंड पडू दिला तर ते पाणी कॅटालिस्टवरच बसतं, गोळ्या भुसभुशीत होतात, आणि मग त्यांच्यातून वायू जाताना होणारा प्रेशर ड्रॉप वाढल्यावर सगळे कॉम्प्रेसरला दोष देतात.

निम्मी वीज वाया जाते हे लेखातच आहे, पुन्हा उगाळत नाही. विजेने हायड्रोजन करण्याला 'परदेशी फॅड' म्हणालात. पंजाबात नांगलला 1960च्या दशकात भाक्रा धरणाच्या विजेवर पाणी फोडून खतासाठी हायड्रोजन बनत होता. पण धरणाची वीज रात्रीही येते.

उन्हावर चालायचं तर रात्रीसाठी हायड्रोजनचा साठा हवा. रोज 100 टन मिथेनॉलचा प्लांट रात्री 14 तास निम्म्या लोडवर ठेवायचा म्हणजे साडेपाच टन हायड्रोजन. 30 बारला त्याला सव्वादोन हजार घनमीटरहून मोठ्या टाक्या लागतात, आणि त्या तळापर्यंत रिकाम्या करता येत नाहीत. तुमच्या बटणात या टाक्या कुठे धरल्यात, तेवढं लिहा.