निशाणी नांगर

आयोवात आमच्या शेजारी एक ८१ वर्षांच्या बाई राहतात. त्यांना पूर्वज शोधायचा नाद आहे, आणि त्यांना गाडीतून कौंटीच्या कोर्टहाउसात नेणं हे माझं काम. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेचे कागद १९२१ साली वॉशिंग्टनमधल्या आगीत जळाले-भिजले आणि उरलेले पुढे सरकारनेच नष्ट केले, बहुतेक सगळे गेले. त्यामुळे १८८० नंतरच्या वीस वर्षांतला माणूस हुडकायचा तर कौंटीचं दप्तर चाळावं लागतं: खरेदीखतं, लग्नाचे परवाने, मृत्युपत्रं.

काउंटरवरची मुलगी ‘कशाला हवंय?’ असं विचारत नाही. उशीएवढी जाड वही आणून समोर ठेवते. जमीन विकणाऱ्यांची सूची वेगळी, घेणाऱ्यांची वेगळी. मागच्या महिन्यात बाईंना पणजोबांचा नागरिकत्वाचा अर्ज सापडला. कारकुनाचं अक्षर झोकदार आणि सहीच्या जागी एक फुली! बाई जरा हिरमुसल्या. मला मात्र आपल्याकडच्या जुन्या कागदांवरची ‘निशाणी नांगर’ आठवली. सही न येणारा कुणबी नांगर काढायचा, तो कागदाला चालायचा.

त्याच आठवड्यात धाकट्या भावाचा सोलापूर जिल्ह्यातून फोन. लेकाच्या ओबीसीतून प्रवेशासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीची कुणबी नोंद हवी. तालुक्याला चार खेपा झाल्या. कधी रेकॉर्डवाला रजेवर, कधी ‘दप्तराचा रुमाल सापडत नाही’, कधी ‘पान कसरीनं खाल्लंय’. नोंद मोडी लिपीत, म्हणजे वाचणाऱ्याचे पैसे वेगळे.

इथल्या आमच्या मराठी ग्रुपवर मात्र थट्टा चालू: ‘आता काय, सगळेच कुणबी!’ मला ती थट्टा सोसत नाही. बाई रिकाम्या हाताने परतल्या तर वाटेत गोड ‘पाई’ खाऊन घरी जातात. भाच्याचं वर्ष जातं. ओबीसींना वाटणारी भीतीही खोटी नाही. जुन्या नोंदीत वेगळ्या शाईत घुसडलेला शब्द कोण पकडणार? पण त्यावरही उपाय एकच, वही सगळ्यांसमोर उघडी टाका. मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामानंतर जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर त्या नोंदींची पानं चढली, हे चांगलंच झालं. आता गावाचं अख्खं दप्तर चढवा, सगळ्या जातींचं, सूचीसकट. गरज पडली की गठ्ठे सोडायचे ही सवय वाईट. कागद कोंडून ठेवला की त्याला भाव येतो, तो भाव कोण खातं हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक असतं.

इथलं दप्तर फार सोवळं आहे असंही नाही. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव आहे, गुलामांचं फक्त वय, लिंग आणि रंग. त्यांच्या वंशजांना १८७० च्या मागे जाताना भिंतच लागते.

परवा भावाला नोंद मिळाली. कोतवाल बुकातलं, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीतलं पान त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलं, खाली मोडी वाचणाऱ्याने बाळबोधीत उतरवून दिलेल्या चार ओळी. पणजोबांची धाकटी बहीण, वय ९. मरणाचं कारण: पटकी. अशी कुणी मुलगी होती हे घरात आजवर कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

भावाने लाल गोल केला होता तो जातीच्या रकान्याला. ‘ताई, काम झालं बघ,’ एवढंच खाली लिहिलं होतं.