टायरवरच्या आकड्याइतकी हवा भरू नका

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'एसयूव्हीचे टायर लवकर झिजतात? टायरवर छापलेल्या आकड्याइतकी हवा भरा.' हे चूक आहे. तो आकडा कमाल मर्यादेचा. योग्य दाब बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर असतो, तोही टायर थंड असतानाचा. जास्त हवेने टायर मधोमध झिजतो, कमी हवेने दोन्ही कडांना. एकच कड खाल्ली गेली असेल तर आधी अलाइनमेंट (चाकांचे कोन) तपासा. नाहीतर नवा टायरही तसाच जाईल. बदलताना साइज आणि लोड इंडेक्स (टायर किती भार पेलतो ते सांगणारा आकडा) गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच घ्या ('रुंद टायर छान दिसतो' हा दुकानदाराचा मुद्दा). शिवाय टायरच्या बाजूवरचे उत्पादनाचे चार अंक वाचा: २३२४ म्हणजे २०२४च्या २३व्या आठवड्यात बनलेला. जुना साठा त्यावरून लगेच ओळखू येतो.