तांदळाच्या डब्यातला मोबाइल

गेल्या गुरुवारी ताईने भाच्याचा मोबाइल तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. संध्याकाळी क्लासच्या सरांचा फोन आला तर डबाच वाजायला लागला. मी हसलो, ती हसली नाही. तिने माझ्यापुढे नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेला मेसेज धरला. ‘आई-बाबांनो, जागे व्हा! तुमच्या मुलाच्या हातात गेम नाही, सुरा आहे!!’ खाली पाच मुद्दे, शेवटी हात जोडलेल्या इमोजींची रांग आणि ‘किमान दहा पालकांना पाठवा’. भाचा नववीत आहे. त्याने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “मामा, आईला खरंच वाटतं का, मी कुणाला तरी मारीन म्हणून?”

त्या प्रश्नामुळेच हे लिहायला बसलो. नाहीतर असे मेसेज रोज येतात आणि आपण ते रोज पुसतो.

‘मारामारीचे गेम खेळणारी मुलं पुढे हिंसक होतात, हे सिद्ध झालं आहे.’ कुणी सिद्ध केलं, हे मेसेजमध्ये नाही. या प्रश्नाची नीट तपासणी ऑक्सफर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि तेव्हा कार्डिफ विद्यापीठात असलेल्या नेटा वाइनस्टाइन यांनी केली. त्यांचा शोधनिबंध 2019 मध्ये आला. ब्रिटनमधली 14-15 वर्षांची 1004 मुलं आणि त्यांचे पालक त्यात होते. अशा अभ्यासांत एक लबाडी चालते. आधी आकडे जमवायचे आणि मग हवा तो निष्कर्ष निघेपर्यंत ते चाळत बसायचं. ती वाट बंद करण्यासाठी या दोघांनी काय तपासणार आणि कसं तपासणार, हे आधीच नोंदवून टाकलं. गेम किती हिंसक, हे मुलांच्या सांगण्यावर न सोडता वयाचं अधिकृत वर्गीकरण पाहिलं. मुलगा किती आक्रमक, हे पालकांना विचारलं. हिंसक गेम खेळणं आणि आक्रमक वागणं यांचा संबंध सापडला नाही.

आता एवढं मान्य करतो की सगळे संशोधक या मताचे नाहीत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने 2020 मध्ये म्हटलं की ओरडणं, ढकलाढकली अशा गोष्टींशी थोडा संबंध दिसतो. पण खऱ्या हिंसाचाराचं खापर गेमवर फोडायला पुरेसा पुरावा नाही, हेही त्याच ठरावात आहे. ढकलाढकली म्हणाल तर आमच्या वेळी कॅरमवरूनही व्हायची.

आता कोकेन. ‘एक तास गेम म्हणजे एक डोस कोकेन, मेंदू तोच.’ ताई घाबरली ती या वाक्याला. याचा उगम बहुधा 1998 च्या एका प्रयोगात आहे. लंडनमध्ये आठ पुरुषांना रणगाडा चालवायचा गेम दिला आणि त्यांच्या मेंदूचं स्कॅन केलं. डोपामिन, म्हणजे मेंदूतलं आनंदाशी जोडलेलं रसायन, वाढलेलं दिसलं. तेवढी वाढ काही उत्तेजक औषधांच्या इंजेक्शनने होते, असं निबंधात लिहिलंही आहे. पण ते आठ जण प्रौढ होते, पुढची पातळी गाठली की त्यांना रोख पैसे मिळत होते आणि कोकेन कुणालाच दिलेलं नव्हतं. व्यसन लागतं की नाही, हे त्या प्रयोगात तपासलंच नव्हतं. डोपामिन आवडीचं खातानाही वाढतं. म्हणून आंबरसाच्या वाटीला कुणी अमली पदार्थ म्हणत नाही. या एका ओळीपायी पोराकडे व्यसनी माणसाकडे पाहावं तसं घर पाहायला लागलं, याचा मला जास्त राग आहे.

‘पबजी मुलांना बिघडवतो म्हणून सरकारने बंद केला.’ नाही. 2 सप्टेंबर 2020 ला पबजीसह चीनशी संबंधित 118 अॅप बंद झाली, कारण देशाची सुरक्षा. दुसऱ्याच वर्षी तोच गेम नवं नाव लावून परत आला.

‘जागतिक आरोग्य संघटनेने गेम खेळणं हा आजार ठरवलाय.’ यात मात्र अर्धं खरं आहे. ‘गेमिंग डिसऑर्डर’ त्यांच्या यादीत आहे, 1 जानेवारी 2022 पासून ती यादी लागूही आहे. पण त्याच्या अटी वाचा. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळं मागे पडतं, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, शाळा-घर-नाती यांची दुर्दशा होते आणि हे साधारण वर्षभर चालतं. असं मूल घरात असेल तर डॉक्टरकडे न्या, तांदळाचा डबा पुरणार नाही. आमचा भाचा जेवायला दोन हाका जास्त घेतो, एवढंच.

पाचवा मुद्दा डोळे खराब होण्याचा. तासन् तास जवळून पाहू नये, बरोबर. पण मग पाठ्यपुस्तकाचं काय?

ज्या खेळांनी घरं बुडतात त्यांचं त्या मेसेजमध्ये नावही नाही. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात बंदी या पैशांच्या खेळांवर आहे, ई-स्पोर्ट्सना, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या गेमना, उलट मान्यता आहे. हा मेसेज टाकणाऱ्या काकांनीच मागच्या दिवाळीत रमीची लिंक टाकली होती, ‘माझ्या कोडने जॉइन व्हा, दोघांनाही बोनस’. शोधली. अजून आहे ग्रुपवर, वाढदिवसाच्या केकच्या फोटोखाली.