वेळ काढला की निघतो

"वेळ काढला की निघतो गे," असं आमच्या नात्यातले एक काका सांगतात. त्यांचा वेळ गेली चाळीस वर्षं काकू काढून देतात, तेव्हा या विषयात त्यांचा अधिकार मोठा. त्यांच्याच शिकवणीवर बेळगावात आजारपण, बाजार आणि चित्रकला एका दिवसात कशी बसवायची, ते सांगते. सरावाला दिवाळीच्या तोंडावरचा दिवस घ्या. एरवी काय, कुणीही करील.

पहाटे उठायचा संकल्प वगैरे करू नका. तुम्ही चारला उठलेल्याच असता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. दोन, चार, सहा. गजर नवऱ्याच्या उशाशी ठेवला तरी चालतो, त्यांना तो ऐकू येत नाही.

सासूबाईंना इन्सुलिन दिलं की अर्ध्या तासानं नाश्ता. मधला अर्धा तास निव्वळ तुमचा. त्यात पाण्याची पाळी असेल तर पाणी भरा, डबे भरा, चादर भिजत घाला, आणि उरलेल्या वेळात छंद जोपासा. एवढ्यात कुणीतरी समाचाराला येईलच. मधुमेहाच्या माणसाला भेटायला येताना आमच्या गावात अर्धा किलो कुंदा, म्हणजे खव्याची मिठाई, आणतात. तो हसून घ्या, लपवून ठेवा आणि दुपारी उभ्याउभ्या खा. ते तुमचं जेवण.

अकराला सासूबाई जिवंत असल्याचा पुरावा द्यायला निघा. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना. फक्त १ तारीख टाळा. त्या दिवशी कचेऱ्यांना कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी आणि बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा आपला काळा दिन. एका रस्त्यानं मिरवणूक, दुसऱ्यानं फेरी, आणि मधे तुम्ही, औषधाची चिठ्ठी हातात घेऊन. बसनंच जा. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसमधून फुकट प्रवास आहे, आधार कार्ड दाखवलं की शून्य रुपयांचं तिकीट मिळतं. बसायला जागा मिळेल असं त्यावर कुठं लिहिलेलं नाही.

दाखला घरबसल्या फोनवरही निघतो म्हणे. करून बघा. बोटाचा ठसा उमटत नाही, कारण साठ वर्षं भाकऱ्या थापून आणि भांडी घासून बोटांच्या रेषा कधीच गेल्या. चेहरा दाखवावा तर यंत्र म्हणतं डोळे मिचकावा, आणि सासूबाई म्हणतात, "आत कोण बसलंय गे?" आणि तोंड भिंतीकडे फिरवतात. म्हणून खिडकी. खिडकीवरचा अर्ज कानडीत. भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांवर असतील तिथं सरकारी सूचना त्यांच्याही भाषेत द्याव्यात, असं कागदावर आहे. तो कागदही बहुधा कानडीत असावा. उगाच वाद घालू नका, शेजारच्या आजोबांकडून भरून घ्या. त्यांची ती सकाळ तशीही त्यातच जाते.

पूर्वी, १९९० च्या दशकात, कर्नाटकात एका भुताची अफवा उठली होती. रात्री दार वाजवणाऱ्या त्या भुताला परतवायला लोक दारावर 'नाळे बा' लिहायचे, म्हणजे 'उद्या ये'. भूत बिचारं साक्षर, वाचून निघून जायचं आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तेच वाचायचं. खिडकीतून तुम्हाला 'नाळे बन्नी' म्हणतील. भुताला 'ये' म्हणायचे, तुम्हाला 'या' म्हणतात. हा मान लहान समजू नका.

आता कला. ज्या गावात के. बी. कुलकर्णींसारखा चित्रकार होऊन गेला, तिथं राहून प्रदर्शन बघायचं नाही म्हणजे काय? टिळकवाडीत प्रदर्शनाचा शेवटचा दिवस आहे, आणि तुम्ही दुसऱ्या रेल्वे गेटाशी पोचता तोच गेट पडतं. गेट पडणं हे दुर्दैव मानू नका. बेळगावच्या बाईला दिवसाढवळ्या एका जागी उभं राहायला मिळतं ते एवढंच. पिशवीतून वही काढा. समोर आडवा दांडा, पलीकडे अडकलेली रिक्षा, आणि गेटाशी काही देणंघेणं नसलेली एक म्हैस. मालगाडी लांबलचक निघावी म्हणून मनातल्या मनात कपिलेश्वराला नारळ बोला. माझी चांगली चित्रं सगळी मालगाडीची आहेत. पॅसेंजरमध्ये फार तर शिंगं होतात.

गेट उघडेतो औषधाची वेळ झालेली असते. प्रदर्शन राहू द्या, त्यातली चित्रं रात्री कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतंच. खाली लिहा, 'अप्रतिम!'

घरी वळताना गल्लीतली पोरं अडवतील. दगड, पोती आणि तांबड्या मातीचा किल्ला उभा झालेला असतो, वर आळीव पेरलेली, आणि बुरुजाला रंग द्यायला कुणी नसतं. "काकू, तुम्ही घरीच असता की!" हे वाक्य न चिडता ऐकायला शिका, मला अकरा वर्षं लागली. पिशवी मावळ्यांशेजारी ठेवा आणि दरवाजा रंगवा. दहा मिनिटांत काय तो होतो. येणारेजाणारे पोरांची पाठ थोपटतील.

संध्याकाळी पुण्याहून नणंदेचा व्हिडिओ कॉल येतो. आधी सासूबाईंचे केस विंचरा, मग उचला. "वहिनी, स्वतःकडे पण लक्ष दे हां," असं त्या सांगतील. बरं म्हणा.

रात्री दोनला कूस बदलताना वही उशाशी उघडी राहिली तर राहू द्या. जेवलो का नाही हे न आठवणाऱ्या सासूबाई चष्मा मागतील, चित्र डोळ्यांजवळ धरतील आणि म्हणतील, "म्हशीला शेपूट कुठाय गे?"

शेपूट काढा. चारचा गजर लावलाय का, तेवढं बघा.