निळं पाणी, मासळीचा वास आणि बी-१२ : तुमच्या तक्रारीवर आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा अभिप्राय वाचला. उत्तराला चार दिवस लागले, कारण त्या बॅचचा आमच्याकडे ठेवलेला नमुना आधी उघडून बघायचा होता. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. स्पायरुलिना, म्हणजे वाळवलेल्या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या, पावडरला मासळीचा वास येतो. रात्रभर भिजवली तर पाणी निळंशार होतं, म्हणजे रंग मिसळलाय. तीन महिने घेऊनही बी-१२ जीवनसत्त्व वाढलं नाही. बोर्डावर ‘शेवाळ : अन्न, तेल, इंधन’ लिहिलंय, पण शेडवर तेलाचा थेंब नाही, हा ‘डबक्यातलं शेवाळ वाळवून विकायचा धंदा’ आहे.

बी-१२ पासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक सरळसरळ आमची आहे. पाकिटात जो गुलाबी कागद निघाला, त्यावर ‘बी-१२ ने भरपूर’ असं छापलंय. सुरुवातीच्या काळात मी ते इकडून तिकडून वाचून छापून घेतलं होतं. स्पायरुलिनात बी-१२ सारखा दिसणारा पदार्थ असतो खरा, पण त्यातला बहुतेक भाग माणसाच्या शरीराला वापरता येत नाही. हे कळल्यावर नवीन पाकिटावरून ती ओळ काढली, पण जुन्या कागदांचा गठ्ठा संपेपर्यंत वापरत राहिलो. हा चिकटपणा नडला. परवा तो गठ्ठा बंबात घातला. तुम्ही शाकाहारी आहात आणि रिपोर्ट कमी आलाय, तर कृपा करून आमच्या पावडरीच्या भरवशावर राहू नका. डॉक्टर देतील ती बी-१२ ची गोळीच घ्या.

वासाचंही तुमचं बरोबर आहे. आम्ही पहाटे हौदातलं पाणी बारीक कापडातून गाळतो, लगदा दाबून पाणी काढतो आणि सोऱ्यातून जाळीवर कुरडया घालाव्यात तसा घालतो. उन्हाळ्यात दुपारपर्यंत खडखडीत वाळतो. तुमची बॅच पावसाळ्यातली. त्या दिवशी वीज गेली, ड्रायर बंद पडला आणि ओला लगदा तीन-साडेतीन तास तसाच पडून राहिला. समुद्री वास स्पायरुलिनाला थोडा असतोच, पण नमुना उघडल्यावर मलाही नाक मुरडावं लागलं. तो माल टाकून द्यायला हवा होता. नऊ किलो माल टाकायचा जीव झाला नाही, एवढंच खरं कारण. त्या बॅचची राहिलेली पाकिटं विक्रीतून काढलीत.

आता निळं पाणी. इथे मात्र माघार घेणार नाही. स्पायरुलिनात हिरव्याखाली एक निळा रंग दडलेला असतो, फायकोसायनिन. वाळलेल्या पेशी पाण्यात भिजून फुटल्या की तो पाण्यात उतरतो, हिरवा मात्र पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसतो. हाच निळा रंग वेगळा काढून आइस्क्रीम-गोळ्यांत वापरतात. अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने २०१३ मध्ये गोळ्या-च्युइंगमसाठी त्याला परवानगी दिली. किलोमागे आमच्या पावडरीच्या कितीतरी पट भाव आहे त्याला. तो वरून मिसळायचा म्हणजे पोह्यांत खोबऱ्याऐवजी काजू पेरण्यासारखं होईल. आणि स्वस्तातला कृत्रिम रंग असेल, ही शंका घरीच फेडता येते. वरचं निळं पाणी एका काचेच्या ग्लासात ओता आणि उजेडात तिरकं धरा, कडेला लालसर झाक दिसेल. मग ते चांगलं उकळा. निळा रंग उडून जाईल, कारण त्याला उष्णता सोसत नाही. सहसा बाजारातला रंग उकळून असा जात नाही. खरं तर पाणी अजिबात निळं झालं नसतं, तर मी म्हणालो असतो की माल जास्त तापवून करपवलाय.

‘डबक्यातलं’ हा शब्द लागला, पण त्यामागची भीती रास्त आहे. उघड्या तळ्यातलं निळं-हिरवं शेवाळ कुणी खाऊ नये, त्यात विषारी जाती मिसळलेल्या असू शकतात. आमच्या हौदात वीतभर पाणी असतं आणि त्यात भरपूर खायचा सोडा. पीएच, म्हणजे पाण्याच्या क्षारपणाचं माप, दहाच्या आसपास ठेवतो, तिथे दुसरं शेवाळ सहसा टिकत नाही. लोणार सरोवराच्या खाऱ्या, सोडायुक्त पाण्यात हीच जात आपसूक वाढते, ती याच कारणाने.

राहिलं तेल. तुमच्या मुलाने शेवाळापासून डिझेल काढायचं विचारलं तेव्हा मी हसलो, ते चुकलं. मी त्याला हसलो नव्हतो. मी स्वतः त्याच नादाने यात पडलो होतो. बोर्ड तेव्हाचाच आहे.

त्याला हिशेब दाखवायला हवा होता. आमचे सहा हौद चांगल्या उन्हाळ्यात दिवसाला आठशे-नऊशे ग्रॅम सुकी पावडर देतात. स्पायरुलिनात प्रथिनं साठ टक्क्यांच्या आसपास, पण स्निग्धांश सहा-सात टक्केच. दिवसभराचा सगळा माल पिळला तरी अर्धी वाटी तेल भरणार नाही, आणि तेवढ्यासाठी पाणी ढवळायच्या मोटरीचं बिल वेगळं. तेलकट जाती वेगळ्या असतात, नॅनोक्लोरोप्सिससारख्या. त्यांना नत्राविना उपाशी ठेवलं की त्या तेल साठवतात, पण मग वाढायच्या थांबतात. तेल हवं तर वाढ नाही, वाढ हवी तर तेल नाही. त्यात एक लिटर पाण्यात जेमतेम अर्धा ते एक ग्रॅम शेवाळ असतं. ते गाळायचं, वाळवायचं, मग हेक्झेनसारख्या द्रावकाने तेल काढायचं, या सगळ्यातच इतकं इंधन जातं की हाती फारसं उरत नाही. अमेरिकन सरकारने १९७८ ते १९९६ अशी अठरा वर्षं यावर काम केलं आणि महाग पडतं म्हणून थांबवलं. एक्सॉनमोबिल या तेल कंपनीने २००९ मध्ये साठ कोटी डॉलरपर्यंत खर्चाची घोषणा केली आणि २०२३ च्या सुरुवातीला तेही बाहेर पडले. मग मी सहा हौदांवर कुठला पंप उघडणार?

दुकानात मिळणारं काही शाकाहारी ओमेगा-३ मात्र खरंच शेवाळवर्गातल्या सूक्ष्मजीवांचं तेल असतं. ते बहुतेक बंद स्टीलच्या टाक्यांत, अंधारात, साखर घालून वाढवतात. आमच्यासारख्या उघड्या हौदांचं ते काम नाही. बोर्डावरचे ‘तेल’ आणि ‘इंधन’ हे शब्द कालच पांढऱ्या रंगाने पुसले. सध्या बोर्ड विचित्र दिसतोय, पेंटर सोमवारी येणार आहे.

तुमचे ४६० रुपये आज परत पाठवतो. पाकीट परत करायची गरज नाही, कुंड्यांत टाका. मुलाला प्रोजेक्ट करायचाच असेल तर एखाद्या दिवशी पहाटे साडेपाचला पाठवा, गाळायचं काम तेव्हाच असतं. जुनी चप्पल घालून यायला सांगा, आणि पांढरा शर्ट नको.