ओपन रेटची थाप आणि वर्गणीची कात्री

ईमेलने न्यूजलेटर पाठवणाऱ्या लेखकाला ‘वाचक वाढवा’ म्हणून सतत टोचणारा तो आकडेवारीचा डॅशबोर्ड! त्यातला ओपन रेट, म्हणजे किती टक्के वाचकांनी पत्र उघडलं तो आकडा, म्हणजे शुद्ध थाप. ॲपल मेल 2021 पासून प्रायव्हसीच्या नावाखाली चित्रं आधीच उतरवून ठेवतं. पत्र उघडलं की नाही हे मोजायला त्यात दडवलेला अदृश्य ठिपका हेही चित्रच, म्हणजे न उघडलेलं पत्रही ‘वाचलं’. उलट जीमेल साधारण 102 केबीनंतर मजकूर कापतं. ठिपका तळाशी असेल तर वाचलेलं पत्रही मोजलं जात नाही. अनसबस्क्राइबची लिंकही तिथेच गडप होते, मग वैतागलेला वाचक सरळ स्पॅम दाबतो. मराठीत लिहिणाऱ्यांचं तर विचारूच नका: इंग्रजी अक्षराला 1 बाइट, देवनागरीला 3, आणि काना-मात्रांचे वेगळे, म्हणजे ती मर्यादा आणखी लवकर भरते!

पैशांचं काय? न्यूजलेटर चालवणाऱ्या सबस्टॅकचे वर्गणीतले 10 टक्के सगळ्यांना पाठ आहेत. पण 5 डॉलरच्या मासिक वर्गणीवर स्ट्राइपचे (सबस्टॅकसाठी कार्डाचे पैसे गोळा करणारी कंपनी) 2.9 टक्के आणि वर 30 सेंट. ते 30 सेंटच 6 टक्के झाले की हो! हातात उरतात जेमतेम 4 डॉलर. वार्षिक वर्गणीत हे 30 सेंट एकदाच जातात, म्हणून लेखक तिच्या मागे लागतात. भारतात तर 2024 पासून स्ट्राइप निमंत्रणाशिवाय नवं खातंच देत नाही. बसा फुकट लिहीत.