लिनक्स टाकलं म्हणून गप्पा थांबत नाहीत

विंडोज १० चा आधार, म्हणजे मोफत अपडेट, ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. तेव्हापासून जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकू पाहणाऱ्यांना एक इशारा हमखास मिळतो: ‘चॅटिंग विसरा. व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही, बाकीची अ‍ॅप जुनाट, त्यात कमांड पाठ करा आणि मराठी तर टाइपच होत नाही.’ यातलं बरंचसं चूक आहे आणि त्यामुळे माणसं उगाच माघार घेतात.

आधी व्हॉट्सअ‍ॅप, कारण बहुतेकांचं अडतं तिथेच. लिनक्ससाठी त्यांचं वेगळं अ‍ॅप नाही, हे खरं. पण फायरफॉक्समध्ये व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडा, फोनने कोड स्कॅन करा, की संदेश, फोटो, ग्रुप सगळं समोर येतं. २०२१ पासून त्यासाठी फोन सतत चालू ठेवावा लागत नाही. त्याच वर्षी डेस्कटॉपवरून कॉल करायची सोय आली, ती मात्र तेव्हा फक्त विंडोज आणि मॅकच्या अ‍ॅपना मिळाली. ही तक्रार रास्त आहे, पण तिचा पत्ता लिनक्स नाही. एक्सएमपीपी या खुल्या प्रोटोकॉलचा, म्हणजे संदेश पाठवण्याच्या सर्वांना खुल्या नियमांचा, आधार घेऊन उभं राहिलेलं व्हॉट्सअ‍ॅप बाहेरच्यांना मात्र बंदच राहिलं. जीमेलवरून याहूवर मेल जातो, तसा इथे दुसऱ्या अ‍ॅपमधून सहज संदेश पाठवता येत नाही. अडचण या कुलपाची आहे आणि ती विंडोजवाल्यांनाही आहे. त्यांना जाणवत नाही इतकंच.

‘जुनाट’ म्हणताना लोकांच्या डोळ्यांसमोर पिजिन असतं. याहू, एआयएम, जीटॉक या जुन्या चॅट सेवा एका खिडकीत आणणारं ते गुणी सॉफ्टवेअर. ते अजून आहे. त्या सेवाच बंद पडल्या. आज टेलिग्राम, सिग्नल, डिस्कॉर्ड यांची अधिकृत लिनक्स अ‍ॅप आहेत. मॅट्रिक्स या खुल्या चॅट प्रोटोकॉलवर चालणारं एलिमेंटही आहे, आणि फ्रान्स सरकारचं चॅट अ‍ॅप ‘चॅप’ याच मॅट्रिक्सवर बांधलेलं आहे.

कमांडचं म्हणाल, तर उबुंटू किंवा मिंट या लिनक्सच्या प्रकारांच्या सॉफ्टवेअर दुकानातून टेलिग्राम एका क्लिकवर बसतं. सिग्नल अधिकृत मार्गाने घ्यायचं तर चार-सहा ओळी टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, चिकटवाव्या लागतात, त्याही एकदाच.

राहिलं मराठी. उबुंटूच्या सेटिंगमध्ये कीबोर्डखाली इनपुट सोर्स म्हणून मराठी निवडा. इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड तिथेच मिळतो. उच्चारानुसार टाइप करायची सवय असेल, तर आयबस या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एम१७एन या कीबोर्ड-संचाचे मराठी पर्याय जोडा.